पिशवी कुठं जात नाही

वेणूताई सरनोबत गुरुवारी सकाळी गेल्या. स्टोव्हवर चहाचं आधण होतं. ते आटलं, भांडं करपलं, वास आला, तेव्हा शेजारच्या काकूंनी दार ढकललं. डॉक्टर आले आणि हृदय थांबलं म्हणाले. दुपारी पंचगंगेवर नेलं. शुक्रवारी वर्ग होता. बायका आल्या, त्यांना मी सांगितलं.

तेव्हापासून मी हे लिहायला बसते आणि उठते. अडचण अशी की वेणूताईंची आठवण आली की आधी हसू येतं. भेटायला आलेल्या बायकांचंही तसंच होत होतं. रडता रडता एखादी गोष्ट काढायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. पदराआड काय चाललंय ते बाहेरून कळत नसे.

आमचा वर्ग सुईणींचा. राजारामपुरीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन एका महिला मंडळानं तो सुरू केला, स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास. आसपासच्या गावांत बाळंतपणं करणाऱ्या बायका आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिला तास माझा, अक्षरओळखीचा. दुसरा वेणूताईंचा. त्या मिरजेला नर्सिंग शिकून आल्या होत्या, आणि बाईच्या शरीराची रचना शिकवणं हे त्यांचं काम होतं. माझ्या तासाला बायका पेंगायच्या. तो संपत आला की सावरून बसायच्या, पुढं सरकायच्या. मी खडू आवरते न आवरते तोच वेणूताई दारातून म्हणायच्या, "आटपा मास्तरीणबाई. तुमचा अ अननसाचा झाला, आता माझा ग गर्भाशयाचा."

त्यांना एकच आवाज होता. देवळात, दवाखान्यात, मयताला, सगळीकडं तोच. कुजबुजणं त्यांना येतच नसे. तसा प्रयत्न केला तर आवाज तेवढाच राहायचा, फक्त मान पुढं यायची. त्यामुळं दुसरा तास सुरू झाला की गल्लीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. पण माणसं खिडकीपासून हलायची नाहीत.

मुंबईहून शरीराचा एक तक्ता आला होता. नावं सगळी इंग्रजीत. त्यावर मराठी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम माझ्याकडं आलं. मी तेव्हा नुकती मॅट्रिक झालेली. गर्भाशय, बीजकोश, बीजनलिका इथवर हात चालला, पुढचा शब्द मी इतका बारीक लिहिला की वेणूताई चिठ्ठी डोळ्यांजवळ नेत म्हणाल्या, "हे मुंगीला वाचायचंय का?" आणि तोच शब्द त्यांनी फळ्यावर वीतभर अक्षरांत काढला.

बायकांकडूनही त्या नावं मोठ्यानं म्हणवून घेत. पहिल्या तुकडीत सखूआई नावाची एक म्हातारी सुईण होती. तिनं हजारावर बाळंतपणं केली असतील असं सगळे म्हणायचे. ती काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "बाई, आमी त्याला आपलं 'तिकडलं' म्हणतो."

"तिकडलं म्हंजे कुठलं? निपाणीचं?" वेणूताई म्हणाल्या. "सखूआई, हाताला हात म्हणता, पायाला पाय म्हणता. मग मधलंच तेवढं काय परमुलखातलं हाय? नाव न्हाई त्याला औषध न्हाई. म्हणा."

सखूआईनं डोळे मिटले आणि म्हटलं. आभाळ कोसळलं नाही. मग तिनं डोळे उघडून पुन्हा एकदा म्हटलं.

समोरच्या घरात अण्णा नावाचे एक पेन्शनर राहायचे. ते एकदा उपरणं सावरत आले. "बाई, आमच्या घरात लेकीसुना आहेत. जरा हळू शिकवाल तर बरं."

"त्यांच्यासाठीच तर मोठ्यानं बोलते, अण्णा. तिथवर ऐकू जायला नको?"

अण्णा चिडले. म्हणाले, "आपलं स्वतःचं लग्न झालेलं नाही. आपल्याला या गोष्टींचा काय अधिकार?"

"म्हशीचा डॉक्टर काय म्हैस असतो व्हय?"

अण्णा परत गेले. त्यांची सून मात्र त्याच आठवड्यात मागच्या दारानं आली. तिच्या पोटात दर महिन्याला कळा यायच्या आणि घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढं ती पुढच्या दारानं यायला लागली.

वेणूताईंची आणखी एक खोड म्हणजे नखं. कुणीही समोर आलं की हात पुढं करायला लावायच्या, उलटे करून नखं बघायच्या. सुईणीच्या नखात बाळंतिणीचं मरण असतं, असं त्या सांगत, तेव्हा सुईणींचं ठीक होतं. पण भाजीवाली, पोस्टमन, मंडळाच्या अध्यक्षबाई, कुणी सुटलं नाही. पहिल्या तुकडीला दाखले द्यायला एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी दाखला द्यायला हात पुढं केला. वेणूताईंनी दाखला सखूआईच्या हातात दिला आणि साहेबांचा हात तसाच धरून उलटा केला. "ह्या अंगठ्याचं राहिलंय," त्या म्हणाल्या. साहेबांनी भाषण हात मागं बांधून केलं.

तक्त्यावर त्या कधीच खूश नव्हत्या. "हे सपाट हाय. बाई काय पापड असती?" असं म्हणायच्या. बाजारातून येताना पेरू आणायच्या, उलटा धरायच्या, म्हणायच्या, एवढं असतं, असं असतं, आणि तास संपला की तो कापून तिखटमीठ लावून सगळ्यांना वाटायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं, मातीचं करून घ्यायचं, उघडझाप होणारं, आतलं दिसणारं. गंगावेशीजवळ दत्तोबा कुंभार गणपती करायचे, त्यांच्याकडं गेल्या. मलाही नेलं. दत्तोबांनी सगळं ऐकून घेतलं. पेरू हातात घेऊन फिरवून बघितला. बराच वेळ विचार केला आणि मग विचारलं, "बाई, ह्येला डोळं काढायचं का?"

"नको दत्तोबा. ते आंधळंच काम करतं."

दत्तोबांनी काम मनापासून केलं. पण गौरी-गणपतीची घाई होती. रंग वेगळा कुठला आणणार? गौरीच्या मुखवट्याचा गुलाबी उरला होता, तो दिला. बीजनलिकांना सोनेरी काठ काढला. बीजकोशांवर बारीक चमकी टाकली. आणि वस्तू घरी पोचवायची ती कशी, हे त्यांना एकाच प्रकारे माहीत होतं. पाटावर ठेवून, वर रेशमी रुमाल झाकून, डोक्यावर टोपी घालून, अनवाणी, ते राजारामपुरीत चालत आले. गल्लीच्या तोंडाशी बायकांनी बघितलं. गौरी यायचाच दिवस होता. कुणीतरी धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, भाकरतुकडा ओवाळून टाकला, दत्तोबांच्या पायांवर पाणी घातलं. कुणीतरी हळदकुंकू आणलं. रुमालाआड हात घालून पाच जणींनी ते वाहिलं. मग अण्णांच्या सूनबाईंनी रुमाल उचलला.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सूनबाईंनी वर्गात डोकावून बघितलेलं होतं. त्या तेवढ्या हसायला लागल्या.

वेणूताई पायरीवर उभ्या होत्या. मला वाटलं, दत्तोबांना आता काही खरं नाही. त्यांनी पाट दोन्ही हातांनी घेतला, कुंकवाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आजवर कुणी पूजा केली न्हवती." कुंकू त्यांनी पुसलं नाही. चमकी मात्र पुसली. बीजकोशावर चमकी नसते, बायका तसं समजून बसतील, असं म्हणाल्या.

आता हौसाची गोष्ट.

एका शुक्रवारी, संक्रांत होऊन गेली होती, कागलहून मोटारीनं दोघी आल्या. पुढं सासू, तुळसाक्का. उंच, काटक, बोलायला खणखणीत. मागं सून, हौसा. विशीच्या आतली, अंगापेरानं चांगली, मान खाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

"पिशवी सरकलीया हिची," तुळसाक्कानं दारातूनच सांगितलं. वर्ग भरलेला होता, त्याचं तिला काही नव्हतं.

"कुठं सरकली?" वेणूताईंनी विचारलं.

"वर. चोळणारणीनं सांगितलं. छातीकडं गेलीया. दोन वर्सं चोळून चोळून खाली आणती, ती पुन्यांदा वर जाती. देवरुषी झाला, गंडा झाला, काय करायचं ऱ्हायलं न्हाई. आता पाडव्यापतोर बघणार. न्हाई झालं तर हिला माहेरी घालवायची आन् दौलूला दुसरी करायची. पोरगी बघून ठेवलीया."

"दुसरी करायला बंदी हाय आता."

"बंदी कोल्हापुरात. कागलात कोण बघतंय?"

वेणूताईंनी हौसाला पडद्यामागं नेलं. आत काय बोलणं झालं ते एका बाजूचं सगळ्यांना ऐकू आलं. हौसाचं एकच वाक्य कानावर पडलं, कारण ते म्हणताना तिचा आवाज चढला: "मला माहेरी आई न्हाई बाई. भावजय दारात उभी करायची न्हाई." थोड्या वेळानं वेणूताई कोपरापर्यंत हात धूत बाहेर आल्या.

"पिशवी जागेवर हाय," त्या म्हणाल्या. "सगळं नीट हाय."

"मग वर जाती ती?"

वेणूताईंनी दत्तोबांचं काम तुळसाक्कापुढं ठेवलं आणि झाकण उघडलं. "हे बघा अक्का. ही पिशवी. फुडं लघवीची थैली, मागं शौचाची वाट, मधी ही. ही तिची दावी, दोन्ही अंगांना बांधलेली. लई बाळंतपणं झाली, वय झालं, तर दावी सैल हून ती खाली येती. वर कधी जात न्हाई. दावणीची म्हैस एकवेळ सुटून छपरावर चढंल, पण ही छातीकडं जायची न्हाई."

तुळसाक्का बघत राहिली. रंग तिला आवडला असावा. "मग पोर का न्हाई?"

"तुमचा ल्योक कुठं निजतो?"

या प्रश्नानं तुळसाक्काची मान ताठ झाली. चेहरा उजळला. "तालमीत!" ती म्हणाली. "हितंच, कोल्हापुरात. आमचा दौलू पैलवान हाय न्हवं. लंगोटाचा लई पक्का. लगीन झालं, जोतिबाला जाऊन आलं, आन् लगोलग वस्तादानं बोलावलं. मैदान हुतं. तवापासनं तालमीत. दसऱ्याला येतो, दिवाळीला येतो, पर आला तरी गोठ्यात निजतो. वस्तादाची आण हाय. पंचक्रोशीत असा पैलवान दावा मला."

वर्गात आधी सखूआईनं तोंडाला पदर लावला. तिच्या शेजारणीनं लावला. बघता बघता सगळ्या ओळीनं लावला. हौसाचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. नंतर तिनं मान वर केली तेव्हा कळलं, ती सगळ्यांत जास्त हसत होती.

एकट्या वेणूताई हसल्या नाहीत. त्यांनी मातीच्या बीजकोशावर बोट ठेवलं. "अक्का, हितनं म्हैन्याला एक बी सुटतं. बाईचं बी. ह्या नळीतनं येतं. पिशवी त्याच्यासाठी आतनं बिछाना घालती. म्हंजे बाजार भरला म्हणा की. पुरुषाचं बी आलं, दोघांची गाठ पडली, तर मूल. न्हाई आलं तर बाजार उठतो, बिछाना गुंडाळून भाईर टाकतात, आन् ती पोरगी चार दिवस बाजूला बसती. तिचा बाजार दर म्हैन्याला भरतोय. बिनचूक. गिऱ्हाईक तालमीत हाय."

तुळसाक्काच्या कपाळाला आठी पडली. तिनं सोनेरी काठाच्या नळीवरून बोट फिरवलं. मग सुनेकडं वळली. "पर जोतिबाला जाऊन आलासा तवा?"

"तवा बी आण हुतीच की, आत्याबाई. लग्नाच्या आदीपासनं."

"एकदा बी न्हाई?"

हौसानं मान हलवली.

"तीन वर्सं!" तुळसाक्का कपाळावर हात मारून म्हणाली. "आन् मी त्या चोळणारणीला कोंबड्या दिल्या!"

आता मात्र वेणूताईही हसल्या, आणि तुळसाक्काही. पण तुळसाक्काचं हसू लगेच मावळलं. पोर हवं आणि पैलवानही हवा, आणि दोन्ही एका लंगोटात बसेना. दौलूची कुस्ती म्हणजे त्या घराची अब्रू होती. आण मोडायची तर वस्तादाला कोण सांगणार? "त्यांच्याफुडं दौलूचा बाप बी तोंड उघडत न्हाई," ती म्हणाली. "न्हाई बाई. आण मोडली तर गाव थुंकंल. पाडव्याला काय व्हायचं ते हुईल." हौसाचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"मी बोलते वस्तादाशी," वेणूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंगळवार पेठेत त्या तालमीपुढं उभ्या होतो. मातीची वस्तू शालीत गुंडाळून माझ्या हातात. तालमीत बाईमाणूस जात नाही, आम्ही पायरीखाली. आत जोर चालले होते, तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास येत होता. वेणूताईंनी हाक मारली. जोर थांबले.

सत्तू वस्ताद बाहेर आले. कान मोडलेले, मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर. "काय बाई? वर्गणी दिलीया आमी."

"वर्गणी नको. तुमचा एक पैलवान पायजे."

आतून कुणीतरी हसलं. वस्तादांनी मागं बघितलं, तेव्हा थांबलं. वेणूताईंनी दौलूचं नाव घेतलं, हौसाचं नाव घेतलं, आणि विषयाला हात घातला.

"हळू बोला की बाई!"

"मला हळू येत न्हाई, वस्ताद. आत चला म्हणाल तर आत बाईला बंदी. मग हितंच बोलणार."

गल्लीत माणसं थबकायला लागली होती. वस्ताद मुकाट्यानं खाली उतरले आणि आम्हाला बाजूच्या मारुतीच्या देवळामागं घेऊन गेले. तिथं पिंपळाच्या पारावर वेणूताईंनी शाल सोडली. कोल्हापुरातला एक नामांकित वस्ताद पाराखाली उकिडवा बसून बाईची पिशवी कशी असते ते ऐकतो आहे, हे मी डोळ्यांनी बघितलं. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "हे गोळं खरं केवढं असत्यात?"

"बीजकोश? तुमच्या थंडाईतल्या बदामाएवढा."

"एवढासा? आन् त्यातनं पैलवान निघतो?" वस्ताद काही वेळ त्याच विचारात होते. मग भानावर आले. "पर बाई, हे हनुमंताचं घर हाय. हितला कायदा त्याचा."

"हनुमंतानं लगीन केलं न्हवतं, वस्ताद. ह्यानं केलंय. अक्षता टाकायला तुमी गेलता की."

वस्तादांनी मोडलेला कान चोळला.

"त्या पोरीला पाडव्याला घालवून देणार हायत. तुमची आण, आन् शिक्षा तिला."

"घालवून देणार?" वस्तादांनी मान वर केली, म्हणजे खांदे वर केले. "हे मला कुणी बोललं न्हाई." त्यांच्या आवाजावरून ते खरं होतं. त्यांनी देवळाआडूनच आरोळी ठोकली, "दौल्याऽ!"

दौलू आला. एवढं मोठं अंग, कानांत माती, आणि चेहरा शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. वस्ताद म्हणाले, "घरी जा."

"कवा, वस्ताद?"

"आंघूळ कर आन् जा."

"किती दिस?"

वस्तादांनी वेणूताईंकडं बघितलं. इथून पुढं जनावरांच्या बाजारात चालते तशी घासाघीस झाली. वस्तादांनी मैदान तोंडावर आल्याचं सांगितलं, हौसाच्या अब्रूपेक्षा मैदान मोठं का, असं वेणूताईंनी विचारलं, वस्ताद उठले, बसले, पुन्हा उठले. शेवटी ठरलं, दौलूनं दर महिन्याला काही दिवस घरी जायचं, गोठ्यात न निजता, आणि ते दिवस कुठले ते वेणूताई सांगणार. "बी सुटायच्या बेतात असताना," त्या म्हणाल्या. "उगीच येरझाऱ्या नकोत." दौलू एव्हाना पिंपळाच्या खोडाकडं तोंड करून उभा होता.

तेव्हापासून दर महिन्याला तालमीतला एक पैलवान राजारामपुरीत यायचा, वर्गाकडं पाठ करून रस्त्यात उभा राहायचा आणि ओरडायचा, "वस्तादानं विचारलंय, दौलूला कवा सोडायचं?" हौसाच्या पाळीचा हिशेब तोवर तुळसाक्कानं निरोप्याबरोबर कळवलेला असे. वेणूताई खिडकीतून दिवस सांगायच्या. तो सगळ्या राजारामपुरीला कळायचा. एकदा पैलवानाला यायला उशीर झाला तर अण्णा उपरणं सावरत दारात येऊन म्हणाले, "बाई, या महिन्याचा अजून आला नाही. काही घोटाळा तर नाही ना?"

पाडवा आला. हौसाला दिवस गेले नव्हते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुळसाक्का आली, एकटीच. वर्ग भरलेला होता. तिला दारात बघून मी खडू खाली ठेवला. वेणूताईंनी काही विचारलं नाही, हे मी त्यांच्या बाबतीत तेवढंच एकदा बघितलं.

तुळसाक्का खाली बसली, पाणी प्याली. म्हणाली, "त्या दुसऱ्या पोरीच्या घरी न्हाई म्हणून सांगून आले."

"आन् हौसा?" सखूआईनं विचारलं.

"हौसाचं काय? तिचं सगळं जागच्या जागी हाय, बाईंनी दावलंय मला. तीन वर्सं दुकान बंद ठेवलं आमी, आन् दोन म्हैन्यांत ढीग मागायचा? तसं कुठं असतं व्हय?" मग तिनं सोबत आणलेली गुळाची ढेप पुढं सरकवली आणि म्हणाली, "दौलूची कुस्ती बरोबरीत सुटली. वस्ताद तुमाला शिव्या घालतोय."

मृगाच्या सुमारास हौसाला दिवस गेले. पुढं मुलगी झाली. आम्ही सगळ्या तुळसाक्काच्या तोंडाकडं बघत होतो, कारण इतका खटाटोप मुलीसाठी झाला, असं काही ती बोलेल अशी भीती होती. ती म्हणाली, "पोरगी तर पोरगी. पाया तर घातला." सत्तू वस्तादांनी तालमीतून पिशवीभर बदाम पाठवले. निरोप होता, बाळंतिणीला द्या, आणि त्यातला एक बाईंना द्या, त्यांना कळंल. त्यानंतर मंगळवार पेठेतून वेणूताई चालल्या की तालमीची पोरं उठून उभी राहायची आणि म्हणायची, "राम राम वस्ताद." वेणूताई त्यांना हात पुढं करायला लावायच्या.

वर्षं गेली. वर्ग चालत राहिला. सखूआई गेली, तिच्या जागी तिची सून आली. दौलूनं कुस्ती सोडून शेती धरली. वेणूताईंना जिना चढताना दम लागायला लागला, तर त्या म्हणायच्या, जिना उंच झालाय.

गेल्या महिन्यात हौसाचं दुसरं बाळंतपण होतं. तुळसाक्काचा निरोप आला, बाईच हव्यात. आम्ही एस.टी.नं कागलला गेलो. पहाट व्हायच्या आत सुटका झाली, मुलगा. सगळं नीट झालं. उन्हं वर आली तेव्हा वेणूताई अंगणात गव्हाणीशेजारच्या दगडावर बसून चहा घेत होत्या. थकलेल्या दिसत होत्या. हौसाची थोरली, पाच-सहा वर्षांची, समोर येऊन उभी राहिली.

"बाळ कुठनं आलं?" तिनं विचारलं.

"देवानं दिलं," तुळसाक्का आतून म्हणाली.

"कुठनं दिलं?"

तुळसाक्का उंबऱ्यात आली. तिनं नातीकडं बघितलं, वेणूताईंकडं बघितलं आणि तिथंच बसली. वेणूताईंनी कप खाली ठेवला, दगडावरून उतरून जमिनीवर मांडी घातली आणि एक काटकी उचलून धुळीत रेघ ओढली. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी तोवर कोल्हापुरात शाळेतही शिकवायला लागले होते, ती गाठायची होती.

"तुमी व्हा फुडं, मास्तरीणबाई," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हिला जरा येळ लागणार. मी मागच्या गाडीनं येते."

गाडीच्या खिडकीतून मला अंगण दिसत होतं. मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून धुळीत बघत होती आणि वेणूताई बोलत होत्या. गाडी सुरू झाली तरी काही शब्द ऐकू येत होते.

मंडळ दुसरी बाई शोधतं आहे. शुक्रवारी माझा तास होतो. दुसऱ्या तासाला अजून कुणी नाही. बायका थोडा वेळ बसून राहतात, मग जातात. हौसा कागलात नांदते आहे.